जागेचा डबा

शिरूर, ९ ऑक्टोबर १९७५

वच्छला,

काल पगार झाला. हातात दोनशे पंच्याऐंशी आले. घरी येऊन पाट टाकला, सगळे डबे पुढं ओढले आणि वाटून टाकले. भाड्याचे तीस, किराणा-दुधाचे एकशे बेचाळीस, किरकोळीला अठ्ठावीस, आजारपणाला दहा, आईच्या मनिऑर्डरीचे तीस, आणि जागेच्या डब्यात पंचेचाळीस. पै न् पै जिथल्या तिथं. तू समोर नव्हतीस म्हणून आकडे मीच मोठ्यानं बोललो आणि मीच वहीत लिहिले. पलीकडून सिंधूबाईनं भिंतीवर थाप मारून विचारलं, "कोन आलंय वो?" मी म्हणालो, रेडिओ लावलाय. आपल्याकडं रेडिओ नाही हे तिला चांगलं ठाऊक आहे.

तू वही अर्धवट टाकून गेलीस. ऑगस्टच्या सव्वीस तारखेनंतर पान कोरं. रॉकेल कधी आणलं, गिरणीत किती दिले, कशाचा पत्ता नाही. पावणेदोन वर्षं मी तुला एकच गोष्ट सांगत आलो, खर्च झाला की त्याच दिवशी लिहायचा, शिळा हिशोब म्हणजे नासका हिशोब. तुझ्या त्या गिचमिड अक्षरात का होईना, पण तू लिहायचीस. मी एस.टी.त रोज अडीचशे-तीनशे रुपयांची तिकिटं फाडतो आणि पाच पैशांची चूक होऊ देत नाही. आणि माझ्याच घरात पान कोरं! बरं, जाऊ दे. ते ऑगस्टचं पान राहू दे तसंच. मी दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं.

एक विचारायचं होतं. दुधाचा रतीब मी बंद केला. दूधवाला चार दिवस तरी सकाळी येऊन उभा राहायचा, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. शेवटी मीच म्हणालो, आता नको. महिन्याचे बावीस रुपये त्यात उरतात. मी चहा कोराच घेतो. तर ते बावीस आता कुठल्या डब्यात टाकायचे? मला काही सुचत नाही. जागेच्या डब्यात टाकायला हात धजत नाही, आणि किराण्यात टाकले तर मी एकटा खाऊन खाऊन किती खाणार? सप्टेंबरचे आणि या महिन्याचे मिळून चव्वेचाळीस रुपये नुसते बाजूला पडलेत. तूच ठरव आणि कळव.

मंगळवारी दसरा आहे. गेणबा आणून सोडेल ना तुला? एकटी येणार असशील तर दुपारच्या गाडीला ये, त्या गाडीवर मीच असतो. तिकीट काढावं लागेल, नियम म्हणजे नियम, पण पैसे मी माझ्या किरकोळीतून भरीन. बापाच्या घरी दीड महिना पुष्कळ झाला. लोक विचारतात.

मल्हारी


शिरूर, १ नोव्हेंबर १९७५

वच्छला,

दसरा गेला. मी घरी जाताना आपट्याची पानं नेली आणि देवापुढं ठेवून जेवलो. ठीक आहे.

तुला वाटत असेल, हा माणूस पत्रं कशाला लिहितो, रोज तर तुमच्या फाट्यावरून जातो. जातो खरा. पण गाडी थांबते अर्धा मिनिट. दसऱ्यापासून चौदा वेळा थांबली, मोजलंय मी. मी खाली उतरतो, दार धरून "चला दौंड, दौंड, दौंड" असं ओरडतो. फाट्यावर एक म्हातारी आणि दोन शेळ्या. हौसराव स्टेअरिंगवरून म्हणतो, "मल्हारी, शेळ्यांला दौंडाला न्यायचंय का रं?" ड्रायव्हर आहे, बोलणारच. तुमची वस्ती फाट्यावरून दिसते. परवा तू विहिरीवर होतीस. गाडी बघितलीस आणि पाठ केलीस. मी बेल मारली.

गेणबा भेटला होता. खिडकीतून म्हणाला, "दाजी, आक्का म्हंती, पत्र टाकू नगा." मी म्हणालो, तुझ्या आक्काला लिहिता येतं, मीच पुढं शिकवलंय, तिला म्हणावं तसं लिहून पाठव. काही आलं नाही. म्हणून मी लिहितो.

माझ्यामागं तुम्ही सगळे मला कवडीचुंबक म्हणता, तुझा बापही म्हणतो. म्हणा. पण त्र्याहत्तर साल विसरलीस का तू? न्हावऱ्याच्या बाजाराचा दिवस होता, गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. वाटेत चेकिंग चढलं. पिशवीत अकरा रुपये कमी भरले. मी कुणाचं खाल्लं नव्हतं, सुट्ट्याच्या गडबडीत कुणाला तरी जास्त गेले, एवढंच. चार महिने घरी बसवलं मला. अकरा रुपयांपायी! त्या चार महिन्यांत तू सिंधूबाईकडनं वाटीवाटीनं पीठ आणलंस. बानू तेव्हा सहा महिन्यांची. तुझं दूध आटलं आणि ती रात्रंदिवस रडायची, आणि मी भिंतीला टेकून बसलेला, नुसता बाप नावाचा. तेव्हाच मी ठरवलं की परत कामावर घेतलं तर माझ्या घरात एक पैसा बेवारशी फिरणार नाही. चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत पहिला पगार झाला त्या दिवशी चहाच्या दुकानातून रिकामे डबे आणले आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. वहीचं पहिलं पान आठवून बघ, सगळ्यात वर मी काय लिहिलंय? दूध. भाड्याच्याही आधी, भाकरीच्याही आधी.

आणि जागा काय माझ्या एकट्यासाठी होती? माझ्या बापानं जन्मभर मेंढरं हाकली. पाऊस आला की घोंगडं पांघरायचं आणि दुसऱ्याच्या रानात उभं राहायचं. शिरूरला रामलिंगाच्या रस्त्याला अर्धा गुंठा घ्यायचा, दोन पत्र्याच्या खोल्या घालायच्या, दारावर माझं नाव. बानूनं कुणाच्या रानात उभं राहू नये एवढंच. त्यासाठी नियम केला होता, ह्या डब्यातलं त्या डब्यात जाणार नाही. डबा रिकामा झाला की पुढच्या पगारापर्यंत हात बांधून बसायचं. तूच तर सव्वा वर्ष वाणीणबाईसारखी पाळलास तो नियम. कौतुक करायचो मी तुझं, हौसरावला सांगायचो.

मग गेणबाच्या लग्नाला तू बानूला लाल फ्रॉक आणलास. जागेच्या डब्यातून बारा रुपये काढलेस आणि मला सांगितलं नाहीस. संध्याकाळी मी डबा मोजला, बारा कमी. ज्याला अकरा रुपयांनी चार महिने घरी बसवलं त्याच्या घरात बारा कमी! मी चिडलो. चिडणार नाही तर काय ओवाळणार? मग त्या दिवशी जे झालं ते झालं, ते आता उगाळून काय उपयोग. बारा रुपयांचा फ्रॉक, सहा महिन्यांत आखूड होईल, एवढंच मी म्हणालो होतो. झाला नाही आखूड.

उद्यापासून दिवाळीच्या जादा गाड्या आहेत. पत्र इथं थांबवतो.

मल्हारी


शिरूर, २७ नोव्हेंबर १९७५

वच्छला,

आज एक झालंय, ते कुणाला सांगू म्हणून तुलाच सांगतो.

न्हावऱ्याला दोन बाया चढल्या. कांद्याची पाटी घेऊन पुढच्या बाकावर बसल्या. एक म्हणाली, "रखमाजीची पोरगी बापाच्या घरी बसलीया न्हवं." दुसरी म्हणाली, "बसंल न्हाई तर काय. डबाभर पैसा घरात, आन् पोरीला दवाखान्यात न्यायला हिचा हात निघंना. पैशापायी प्वार मारलं. आसली आई वैऱ्याला बी नगं." मग पहिलीनं च्‌च केलं आणि म्हणाली, "नवऱ्यानं तरी काय करावं बिचाऱ्यानं."

बिचाऱ्यानं म्हणे. तो बिचारा हातात तिकिटांची पेटी घेऊन त्यांच्या डोक्यावर उभा होता. मी पंचिंग करून तिकिटं दिली आणि सुटे पैसे परत केले. फाट्याला गाडी थांबली तर मी खालीही उतरलो नाही. हौसरावनं वळून बघितलं आणि एका पॅसेंजरला बेल मारायला लावली.

हे लोक असं बोलतात हे तुला माहीत आहे का? तुझ्या आबांच्या कानावर गेलंय का? गेलं असणारच. आबा त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नाहीत ते मला वाटलं माझ्यावर रागावलेत म्हणून. पण तुझ्याशी बोलतात का ते?

भाकरी केली नाही आज. बावीसचं मी अजून काही केलं नाही, ते सहासष्ट झाले.

म.


शिरूर, १२ डिसेंबर १९७५

वच्छला,

चंपाषष्ठीला जेजुरीच्या जादा गाडीवर होतो. परतीच्या माणसांनी गाडी भरली, सगळ्यांच्या कपाळाला, केसांत, पिशव्यांत भंडारा. एका म्हाताऱ्यानं तिकिटाचे पैसे दिले ते पिवळे, माझे हात पिवळे झाले. मी हात पँटीला पुसले तर पँट पिवळी. शिरूरला उतरलो आणि स्टँडच्या नळाखाली हात धूत उभा राहिलो. हळद लवकर निघत नाही.

भंडारा मी तुला उचलायला लावला.

हे एवढं लिहायला मला साडेतीन महिने लागले. दिवाळीआधीच्या पत्रात मी लिहिलं की जे झालं ते झालं. काय झालं ते लिहितो, कारण तू तर ते विसरणार नाहीस, पण मी विसरल्याचं सोंग करतोय.

बारा रुपये कमी निघाले. तू म्हणालीस, चुकलं, परत नाही करणार. ते मला पुरलं नाही. मी देव्हाऱ्यातली भंडाऱ्याची वाटी आणली. तुझ्या उजव्या हातावर भंडारा ठेवला, वर बेलाचं पान ठेवलं, आणि तुझा डावा हात बानूच्या डोक्यावर ठेवायला लावला. म्हणायला लावलं, जागेच्या डब्याला पुन्हा हात लावला तर ह्या लेकराचं बरं होणार नाही. तू म्हणालीस, "आवं, पोरीवर नगं. माझ्यावर घाला, पोरीवर नगं." मी म्हणालो, पोरीवर घातल्याबिगर तुला धाक राहणार नाही. बानूला वाटलं खेळच आहे. तिनं पण हात पुढं केला, मला द्या म्हणून. मी तिच्या तळहातावर चिमूटभर ठेवला. ती हसत होती.

माझा स्वतःचा देवावर एवढा भरवसा नाही. नोकरीला लागल्यापासून जेजुरीला मी ड्युटीवरच गेलोय. पण तुझा आहे हे मला माहीत होतं. डब्याला कुलूप घालायचं तर सहा रुपये पडले असते. भंडारा घरात होता. मी त्या दिवशी खरोखर हा विचार केला होता, वच्छला. सहा रुपये वाचतील.

परवा सिंधूबाईकडं गेलो. म्हणालो, त्या दिवशी काय झालं ते मला पहिल्यापासून सांग. ती म्हणाली, "आता इचारताय व्हय?" मग सांगितलं. मी दुपारी दोनला मुक्कामाच्या गाडीवर गेलो तेव्हा बानूनं दोनदा ओकलं होतं. मी म्हणालो होतो, सुंठ उगाळून दे. चारला तू तिला डॉक्टरकडं नेलंस. डॉक्टर म्हणाले, अंगातलं पाणी गेलंय, आत्ताच्या आत्ता पुण्याला न्या. टॅक्सीवाला सत्तर मागत होता. महिनाअखेर होती आणि आजारपणाच्या डब्यात चार रुपये होते. तू सिंधूबाईकडं आलीस, तिनं तिच्याकडचे नऊ दिले. वाण्यानं पंधरा दिले. घरमालकिणीनं दार उघडलं नाही. सिंधूबाई तुला म्हणाली, "आगं येडे, तुझ्या घरात डबा भरलाय की पैशानं!" आणि तू म्हणालीस, "हाय. पर त्याला हात लावला तर ही जाईल." पोर कडेवर घेऊन तू दारोदार हिंडत होतीस, दिवेलागणीपर्यंत. मग सातची एस.टी. धरलीस.

वाघोलीच्या अलीकडं. कंडक्टर माझ्या ओळखीचा. त्यानं गाडी थांबवून तुला पाणी दिलं, आणि तिकिटाचे पैसे परत दिले. ते त्यानं मला नंतर सांगितलं.

त्या वेळी जागेच्या डब्यात चारशे ऐंशी रुपये होते.

आणि आता तिसऱ्या दिवसाचं. सगळी माणसं ओट्यावर बसली होती. मीच डबा आणून सगळ्यांच्या पुढं आपटला. मीच ओरडलो, "चारशे ऐंशी हायत ह्यात! हिच्या हाताला काय लकवा मारला हुता?" आबांनी तुझ्याकडं बघितलं. "काय गं वच्छे, पैसं आसताना?" तू मान वर केलीस आणि म्हणालीस, "म्या भंडारा उचलला हुता, आबा." मग सगळे माझ्याकडं वळले. आबा म्हणाले, "काय वो जावई, शपथ घातली हुती का?"

मी म्हणालो, "कसला भंडारा?"

एवढंच. दोन शब्द. तू माझ्याकडं बघत राहिलीस. तुझ्या तोंडावर राग नव्हता, तू वाट बघत होतीस. मी आत्ता बोलेन, मग बोलेन. मी नाही बोललो. माणसांच्या पुढं मला लाज वाटली. लेकरावर शपथ घातली म्हणून लोक मला काय म्हणतील, एवढाच विचार डोक्यात होता. घरात पोर नाही आणि मी माझी अब्रू मोजत बसलो होतो. तू उठलीस, पदर खोचलास, आणि आबांच्या मागं चालू लागलीस.

हे पत्र आबांना वाचून दाखव.

मल्हारी


शिरूर, ३० डिसेंबर १९७५

वच्छला,

गेणबाला विचारलं. तू पत्र कुणाला दाखवलं नाहीस. का? तुझं नाव त्यात निघत होतं. मला वाटलं, पत्र लिहिलं की माझं काम झालं. पत्रात बोलायला काय लागतं, तिथं कोण बघतंय माझ्या तोंडाकडं.

म्हणून येत्या रविवारी मी येतो. सुट्टी टाकली आहे. सगळ्यांच्या पुढं खोटं बोललो, सगळ्यांच्या पुढंच खरं बोलेन. आबांना सांग, जे त्या दिवशी ओट्यावर होते त्यांना बोलवा. तुमचे चुलते, पाटलाच्या मळ्यातले, सगळे. न्हावऱ्याच्या त्या दोन बाया कोण ते मला माहीत नाही, नाहीतर त्यांनाही आणलं असतं.

तुला न्यायला येत नाही. घाबरू नकोस. तू बाहेर नाही आलीस तरी चालेल, आतून ऐक. माझं बोलून झालं की मी संध्याकाळच्या गाडीनं परत येईन.

आबा मला मारतील, मारू देत. हौसरावला सांगून ठेवलंय, सोमवारी आलो नाही तर माझी ड्युटी दुसऱ्याला द्या. तो म्हणाला, "जा. आन् आडखळू नगंस तिथं."

मल्हारी


वस्ती, ता. दौंड
११ जानेवारी १९७६

तुमाला नमस्कार.

हे पत्र म्या माझ्या हातानं लिवतीय. गेणबा म्हनला मी लिवतो, म्या न्हाई म्हनलं. चुका आसतील तर तुमी सुधरून घ्या, तुमाला सवय हाय.

तुमी रविवारी आलात. मी आत चुलीम्होरं हुते. सगळं ऐकलं. सुरवातीला तुमचा आवाज गाडीत वरडता तसा हुता, मग फुटला. तुमी सहा रुपयाच्या कुलपाचं सांगितलं तवा आबा उठलं. काठी उचलली. मला वाटलं घालत्यात आता. पर त्यांनी काठी भितीला लावली आन् खाली बसलं, आन् डोक्याचं मुंडासं सोडून त्यात त्वांड घातलं. आबांला म्या कवाच रडताना बघितलं न्हाई, आई गेली तवा बी न्हाई. तुमी गेल्यावर आत आलं. माझ्या म्होरं बसलं आन् म्हनलं, "पोरी, चार म्हयनं म्या तुझ्या हातचं पानी पिलो पर तुझ्याशी बोललो न्हाई. मला माफ कर." बापानं लेकीची माफी मागायची म्हंजी काय आसतं ते तुमाला कळायचं न्हाई. पर ते तुमच्यामुळं झालं. तेवढं तुमचं उपकार म्या मानते.

आता लोकं तुमाला नावं ठेवत्यात. चुलती म्हंती, आसला नवरा जाळायचा हाय. मला आसं वाटलं हुतं की हे ऐकून मला बरं वाटंल. न्हाई वाटलं.

तुमी सगळ्यांम्होरं खरं बोललात. म्हनून मला बी बोलाया पायजे. हे सिंधूबाईला म्हाईत न्हाई, आबांला न्हाई, कुनालाच न्हाई. तुमचं पत्र कुनाला दाखवलं न्हाई ते ह्याच्यापायीच. त्यात तुमी म्हनत हुता की म्या शपथ पाळली. म्या पाळली न्हाई.

म्या डबा उघडला हुता.

डाक्टरकडनं आल्या आल्या. सिंधूबाईकडं जायच्या आदी. बानूला घोंगडीवर निजवलं, आन् सरळ जाऊन डबा खाली घेतला. म्हनलं, देव देवाच्या जागी, मला माझी पोर पायजे. धाच्या सात नोटा मोजल्या. मुठीत धरल्या. टॅक्सीवाल्याला हाक मारायला उंबऱ्यापत्तूर गेले आन् मागं वळून बघितलं तर बानूनं डोळं पांढरं केलं हुतं. हातपाय ताठ. म्हनलं, बघ, मोडलीस आन् लगीच झालं. तशीच पळत मागं आले, नोटा डब्यात टाकल्या, झाकान लावलं, देव्हाऱ्यापुढं नाक घासलं. म्हनलं, देवा, चुकलं, परत न्हाई लावत हात. आन् बानूनं डोळं उघडलं. मला म्हनली, "आये, पानी."

आवं, तिनं पानी मागितलं. तुमीच सांगा, मी काय समजायचं? मी काय समजले आसन? मला वाटलं देवानं ऐकलं. मग म्या परत डब्याकडं वळून बघितलं न्हाई. दारोदार गेले. जवा कुनी रुपाया द्यायचं तवा मला वाटायचं, देव बघतोय, आपून हात लावला न्हाई, पोर ऱ्हानार. एस.टी.त बसताना बी मला भरवसा हुता. शिक्रापूर गेलं तरी भरवसा हुता.

त्या दिवशी ओट्यावर तुमी "कसला भंडारा" म्हनलात. तुमाला वाटतंय मी तुमच्या तोंडाकडं बघत वाट बघत हुते. न्हाई. मला वाटलं, ह्यांला कळलं. ह्यांनी डबा आनून आपटला म्हंजी नोटा उलट्या लागलेल्या ह्यांनी बघितल्या, आन् आता हे सगळ्यांला सांगनार की हिनं हात लावला हुता. तुमी नुसतं नोटा मोजल्यात. चारशेऐंशी बराबर भरल्या.

आता रातंदिस माझ्या डोस्क्यात एकच चालतं. तुमी परवा म्हनलात, शपथ म्हंजी नुसता भंडारा, त्यात काय नसतं. नसंल काय तर बानू फुकट गेली. सत्तर रुपयं माझ्या मुठीत हुतं आन् म्या ते परत ठिवलं. आन् शपथ खरी आसंल तर म्या हात लावला म्हनून ती गेली. तुमी शिकल्याले हायसा. ह्यातलं कुठलं खरं धरू ते मला सांगा. न्हाई सांगू शकला तर ऱ्हाऊ द्या.

बावीस रुपयाचं तुमी दोनदा लिवलंत. मला त्यातलं काय बी सांगता येत न्हाई. तुमाला वाटंल ते करा.

तुमी मनाला लावून घेऊ नगा, आसं लिवनार हुते. पर लिवत न्हाई. लावून घ्या. म्या बी घेतलंय.

मी येनार न्हाई. आबांनी मला थांबवलं न्हाई, उलट म्हनलं, जायचं आसंल तर मी सोडून येतो. मीच ठरीवलं. तुमी वाईट हायसा म्हनून न्हाई. वाईट आसता तर सोपं हुतं. दूध पयल्यांदा लिवनारा मानूस वाईट नसतो, येवढं मला कळतं. पर आपून दोघं एका खोलीत ऱ्हायलो तर तुमी माझ्या हाताकडं बघशिला आन् मी तुमच्या तोंडाकडं. भाकरी थापताना, मीठ मागताना, सारखं. तसं किती दिस काढायचं?

कोरा चहा लई घेऊ नगा, पित्त हुतं तुमाला. जेवत जावा.

वच्छला